सुई हललीच नाही

१

विमान पडलं, असं गावभर झालं होतं. खरं तर ते उडालंच नव्हतं. धावपट्टी संपली तरी ते जमिनीवरच होतं, मग कुंपण मोडून पुढच्या नाल्यात नाक खुपसून बसलं. मी पोचले तेव्हा शेपूट वर आणि नाक चिखलात असं ते दिसत होतं, पलंगाखाली चष्मा शोधायला वाकलेल्या माणसासारखं. दुसऱ्याच्या एवढ्या मोठ्या नुकसानीसमोर हसू येणं बरं नव्हे, म्हणून मी घाईघाईने माझाच चष्मा पुसायला घेतला.

जीव कोणाचा गेला नाही. खरचटणं, मुका मार, एवढंच. हाड मोडलं ते एकाच प्रवाशाचं, आणि तो नेमका तो पाहुणा, ज्याच्या पैशांवर ही बुडती कंपनी तरणार होती. मोडलं तेही मनगट. सही करायच्या हाताचं.

मी विमा कंपनीसाठी पाहणी करते. दुकानाला आग लागली, बोट बुडाली, मांडव कोसळला, की मला पाठवतात. दोषी कोण हे ठरवणं माझं काम नाही. झालं कसं, एवढं सांगायचं. शिक्षण म्हणाल तर या कामाचं मला कोणी दिलं नाही; जळलेल्या दुकानांतून फिरून फिरून जे कळलं ते कळलं. विमान मात्र पहिलंच.

विमानातलं यंत्र बघायला एक तज्ज्ञ माझ्या आधी येऊन गेले होते. त्यांनी चिखल बाजूला करून मला नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटासारख्या पुढे आलेल्या दोन नळ्या दाखवल्या. विमान धावायला लागलं की या नळ्यांत वारा शिरतो, आणि त्यावर कॅप्टनसमोरची सुई हलते. वेग किती झाला, उडायचं की नाही, हे त्या सुईवरून कळतं. विमान उभं असताना नळ्यांत किडामुंगी जाऊ नये म्हणून त्यांना लाल कापडाच्या टोप्या घालतात. लांब फीत लोंबत असते, काढायची विसरू नये म्हणून. उड्डाणाआधी इंजिनिअर त्या काढतो, बॅटरीचा झोत टाकून आत बघतो, आणि सही करतो.

दोन्ही नळ्या वाळलेल्या मातीने गच्च भरल्या होत्या. तज्ज्ञांनी चिमट्याने एक ढेकूळ काढून माझ्या हातावर ठेवलं. ते फुटलं, आणि आतून लहान लहान हिरव्या अळ्या निघाल्या, ओळीने रचून ठेवल्यासारख्या. कुंभारमाशीचं घर. भोक दिसलं की ती आत माती लिंपते, पिल्लांसाठी अळ्यांची शिदोरी भरते आणि दार बंद करून निघून जाते. सुखाचा संसार.

पण टोप्या तर घातलेल्या होत्या. विमान कित्येक आठवडे हँगरमध्ये बंद होतं, टोप्यांसकट. त्या दिवशी सकाळी इंजिनिअरने सगळ्यांसमोर त्या काढल्या, हे पाहुण्यानेसुद्धा पाहिलं होतं. टोपी घातलेल्या नळीत माशी शिरू शकत नाही.

म्हणजे मधल्या काळात कोणीतरी त्या टोप्या काढल्या होत्या. माशीला सवड मिळेल इतके दिवस उघड्या ठेवल्या होत्या. आणि मग, कोणाला कळू नये अशा पद्धतीने, पुन्हा जागच्या जागी घातल्या होत्या.

२

वैद्यबुवा म्हणजे कंपनीचे इंजिनिअर. इंजिनावर हात ठेवून डोळे मिटायची सवय, त्यावरून हे नाव पडलं. सही त्यांची होती, हँगरची एक किल्लीही त्यांच्याकडे. त्यांचं लायसन्स माझ्या अहवालापर्यंत काढून घेतलेलं. चूक त्यांचीच ठरली तर ते परत मिळणार नव्हतं, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला विमान सोडून दुसरं काही येत नव्हतं.

त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं: मी नळीत पाहिलं नाही. माझी चूक.

इतक्या सरळ कबुलीजबाबाचा मला धसका आहे. माणूस अपराधी असला तरी थोडी तरी कुरकुर करतो.

मी आधी मालकांना भेटले. सगळे त्यांना दादा म्हणत. हँगरच्या कोपऱ्यात त्यांची खोली होती. भिंतीवर फोटोंना जागा उरलेली नव्हती, आणि खुर्च्या मात्र रिकाम्या. पूर्वी त्यांच्या बस होत्या. घाटातल्या रस्त्याने मोठ्या शहराला पोचायला आख्खा दिवस जायचा. त्यांच्या वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा ते बसमध्येच, त्यांच्या स्वतःच्या बसमध्ये, वळणावर गेले. त्यानंतर दादांनी बस विकल्या आणि एकोणीस आसनांचं जुनं, पंख्याचं विमान भाड्याने आणलं.

पहिल्या दिवशी गाव लोटलं होतं म्हणे. पुढे पेशंट जायला लागले, परीक्षेची मुलं, ताजी वर्तमानपत्रं, अंड्यांचे ट्रे. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला काट्यावर उभं करायची, कारण छोट्या विमानात वजनाचा हिशेब लागतो. पण बायकांचं वजन ती मोठ्याने वाचायची नाही, कागदावर नुसता आकडा टिपायची. कोणाला उशीर झाला तर विमान थांबायचं. फोन यायचा, आई वाटेत आहे, आणि विमान आईसाठी थांबायचं. दुसरं विमान आलं. दादांना वाटलं, आता तिसरं.

मग डोंगरातून बोगदा झाला. तो झाला तो झाला, वर एक मोठी विमान कंपनी आली, बसपेक्षा कमी भाड्यात वर्षभर उडाली, आणि यांची कंबर मोडल्यावर निघून गेली. कोणाची आई तिथे थांबवली जात नव्हती, पण तिकीट स्वस्त होतं, आणि लोकांना दोष तरी काय द्यायचा. भाड्याने आणलेलं एक विमान त्याचे मूळ मालक परत घेऊन गेले. इंधनवाल्याने हात आखडता घेतला. दुसरं विमान हँगरमध्ये गेलं आणि सगळ्यांचे पगार थांबले.

इतकं झाल्यावर तो पाहुणा तयार झाला होता. एकदा बसवून दाखवा, म्हणाला होता. ते हे उड्डाण.

दादांनी वैद्यबुवांबद्दल एकच सांगितलं, की त्याने पाहिलं नाही असं तोच म्हणतोय, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू. हे सांगताना ते फोटोंकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

मी बाहेर आले तर दादांचे मेहुणे दाराशी उभे. वहिनींचे, म्हणजे दादांच्या बायकोचे, धाकटे भाऊ, कंपनीचे हिशेब बघायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"वैद्यबुवांच्या मागे लागू नका. तो देवमाणूस आहे. कॅप्टनला विचारा, त्याच्या खिशात दुसऱ्या कंपनीचं नेमणूकपत्र आहे. आणि हँगरमध्ये तो एकटा जाऊन बसायचा, कोणाला न सांगता."

३

कॅप्टनच्या भाड्याच्या खोलीत अर्धं सामान खोक्यांत होतं. कपाळावर पट्टी, अंगात घरचा शर्ट. चहा त्यानेच केला आणि साखर घालायला विसरला. मी तसाच प्यायले.

नेमणूकपत्र होतं. त्याने ते नाकारलं होतं, तेही मला दाखवलं. पगार नसतानाही तो का थांबला होता, याचं उत्तर त्याला नीट देता येईना. म्हणाला, इथे विमान उतरवलं की दादा स्वतः शिडी लावायचे. तेवढ्यासाठी कोणी थांबतं का? मग स्वतःच म्हणाला, थांबलो खरा.

हँगरमध्ये जाऊन बसायचा तेही खरं होतं. विमानात, आपल्या जागेवर. नुसताच. टोप्यांना त्याने कधी हात लावला नव्हता. विमान बंद ठेवल्यावर पहिले थोडे दिवस जायचा, मग मनच उडालं म्हणून सोडून दिलं.

"पण सुई हलत नाही हे दिसल्यावर तुम्ही लगेच ब्रेक का नाही लावला?" मी विचारलं. कागदावर हाच प्रश्न सगळ्यात मोठा होता.

त्याने कप बशीत ठेवला. "ती सुई आळशी होती. आमच्या सगळ्यांना माहीत होतं. सुरुवातीला अडकायची, मग काचेवर टिचकी मारली की हलायची. नवीन बसवायला पैसे नव्हते. मी टिचकी मारली. शेजारी बसलेल्या पायलटकडे पाहिलं, तर त्याचीही हलत नव्हती. तोवर पट्टी संपत आली होती, बाई. मी एक टिचकी मारण्याइतका उशीर केला."

बाहेर कोणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता. तो बंद झाल्यावर मी उठले.

निघताना मी विचारलं, त्या सकाळी टोप्या त्याने पाहिल्या का. पाहिल्या, म्हणाला. लाल भडक. त्या दिवशी सगळंच कसं नव्यासारखं दिसत होतं.

जिना उतरता उतरता मी थबकले. आठवडेच्या आठवडे धूळ खात पडलेल्या विमानावर लाल भडक काय असू शकतं?

४

हँगरचा रखवालदार कुलपाशी झटत होता. किल्ली आत जाईना. काडीने कोरून त्याने भोकातली माती काढली आणि माशीच्या आईबापांचा उद्धार केला. इथे कुठलंही भोक मोकळं ठेवायची सोय नाही म्हणे. मागे त्याच्या बासरीत शिरली होती.

मी विचारलं, विमान बंद असताना आत कोण कोण यायचं. तो छाती काढून म्हणाला, आपली माणसं सोडली तर चिटपाखरू नाही. आपली म्हणजे कोण? कॅप्टन, दादा, मामा, काउंटरची ताई. मामा म्हणजे मेहुणे. वैद्यबुवा मधल्या काळात बाहेरगावी पंप दुरुस्तीला गेले होते, पोटासाठी. उड्डाणाच्या आदल्या दिवशी परतले. आणि विमानाच्या नाकावर टोप्या आहेत की नाही, हे तू बघायचास का? तो म्हणाला, मी दाराकडे तोंड करून बसतो, चोर काय विमानातून येणार आहे का.

आत भिंतीला लागून सगळी झाकणं ठेवली होती. इंजिनांची मोठी कॅनव्हासची झाकणं हाताला मळ लागेल इतकी धुळकट. चाकांचे ठोकळे तेलकट. आणि त्यांच्यामध्ये दोन लहान लाल टोप्या, शाळेच्या पहिल्या दिवशी नटून आलेल्या मुलांसारख्या स्वच्छ. मी एक नाकाशी धरली. साबणाचा वास अजून गेला नव्हता. एका टोपीची उसवलेली कड पांढऱ्या दुहेरी दोऱ्याने शिवलेली होती, बारीक, तिरप्या टाक्यांनी.

विमानाची आसनं उतरवून शेजारीच ठेवली होती. डोक्यामागची पांढरी कापडं कडक इस्त्रीची. त्यांतल्या दोन-तीन कापडांच्या फाटक्या कडा शिवलेल्या, त्याच तिरप्या टाक्यांनी. खिडक्यांचे पडदेही तसेच.

विमानाचं वाईट करायला आलेला माणूस टोपी काढेल. फेकून देईल, लपवेल. धुऊन, उसवलेली कड शिवून परत घालणार नाही.

काउंटरवरच्या मुलीला मी गाठलं तेव्हा ती रिकाम्या वजनकाट्यावर बसून जुनी तिकिटं फाडत होती. विमानातले कपडे कोण धुतं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, लॉन्ड्रीवाल्याने उधारी बंद केली ना, तेव्हापासून वहिनीच. पाहुणा येणार ठरलं तेव्हा मामांच्या गाडीत घालून सगळं बोचकं घरी नेलं त्यांनी. त्यांच्या हाताला इतक्या चिरा पडल्या होत्या साबणाने, की...

"आणि टोप्या?"

"टोप्या कशाला कोण धु..." ती म्हणाली, आणि तिच्या हातातलं तिकीट अर्धं फाटलेलंच राहिलं.

रखवालदाराने वहिनींचं नाव घेतलं नव्हतं. कारण त्याच्या दृष्टीने त्या आत आल्याच नव्हत्या. घरातली बाई घरात वावरते, ती येत नाही.

५

वैद्यबुवा आपल्या घरी टेबलफॅन उघडून बसले होते. शेजारणीचा होता. मी समोर बसले आणि जे जुळलं होतं ते सांगितलं. बोचकं नेलं त्यात टोप्याही होत्या. विमान बंद पडल्यावर वैद्यबुवा बाहेरगावी, कॅप्टनने हँगरमध्ये जाणं सोडलेलं. पाहणारं कोणी नव्हतं. धुणं, वाळणं, शिवणं, पडद्यांची इस्त्री, हे सगळं एकट्या बाईचं काम, रोजचा स्वयंपाक सांभाळून. त्यात बरेच दिवस गेले. तेवढ्यात माशीने आपलं घर बांधून घेतलं. मग वहिनींनी टोप्या आणून घातल्या. त्यांना त्या नुसत्या टोप्या वाटल्या.

वैद्यबुवांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"त्याच सकाळी. टोपी हातात घेतली आणि साबणाचा वास आला. मागे वळून पाहिलं तर वहिनी शिडीपाशी उभ्या होत्या, नवी साडी नेसून. माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, बास, आता सगळं सुरळीत होणार. झोत मारायचा राहिला. बत्ती हातातच होती, बाई. मी टोपीकडेच बघत राहिलो."



"माझंच नाव लिहा," ते म्हणाले. "मी पाहिलं असतं तर काहीच झालं नसतं. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं, आणि तिथेच पंचाईत होती. विम्याचा नियम असा, की कर्मचाऱ्याच्या हातून चूक झाली तर भरपाई मिळते. दादांचं घर गहाण होतं, ते सुटलं असतं, थकलेले पगार दिले गेले असते. त्याबदल्यात वैद्यबुवांचं लायसन्स कायमचं गेलं असतं. पण कंपनीत नसलेल्या माणसाने विमानाला हात लावला असेल, तर भरपाई नाही. विमान परक्याच्या हाती लागू दिलं म्हणून सगळा भार मालकावर. तसं लिहिलं तर वैद्यबुवांना ताकीद देऊन लायसन्स परत मिळणार, आणि कंपनीवर पडदा.

हे सगळं त्यांना माझ्याआधीच माहीत होतं. म्हणूनच तो सरळ कबुलीजबाब.

"वहिनींना सांगू नका," ते म्हणाले. "त्यांनी आमच्या सगळ्यांचे डबे भरलेत. पगार नव्हते तेव्हा दादा तोंड चुकवायचे, त्या यायच्या. एवढं नका करू."

त्यांनी पंख्याची पाती पुन्हा बसवली, तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला नाही. त्यांनी पुन्हा सगळं उघडायला घेतलं.

६

अहवाल धाडण्याआधी मालकाला वाचून दाखवायचा, हा माझा शिरस्ता. मी दादांच्या घरी गेले. मेहुणे तिथेच होते. मी वाचायला लागले तसा त्यांचा चेहरा पडत गेला. टोप्यांपाशी आले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. बोचकं त्यांच्याच गाडीतून गेलं होतं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर लाल फितीचा तुकडा सापडला, तेव्हाच त्यांना समजलं होतं. कॅप्टनचं नाव पुढे केलं ते बहिणीला आड करायला.

दादा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मला आता काय विचारताय? वैद्याचं पोट मारून घर सोडवू, का घर घालवून हिला सांगू, की तू केलंस?"

मला त्यावर काही सुचलं असतं तर मी हे काम सोडून दुसरं काहीतरी मोठं केलं असतं.

तेवढ्यात वहिनी आतून चहा घेऊन आल्या. साध्या, ठेंगण्या, बोटांच्या पेरांना साबणाने पडलेल्या भेगा. कसं झालं ते समजलं का, त्यांनी विचारलं.

"समजलं," दादा घाईने म्हणाले. "माशा होत्या. नळीत घर केलं होतं त्यांनी. कोणाचाच दोष नाही."

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्याच. "मग वैद्यबुवांचं लायसन्स का अडकवून ठेवलंय? माशीचा दोष आणि शिक्षा त्यांना?" त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही लिहाल ना नीट? नाहीतर मी येते त्या ऑफिसात. सांगते त्यांना, तो माणूस विमानाला किती जपायचा ते. त्याच्या हाताखालची एकेक वस्तू मी पाहिलीय. अहो, त्या टोप्यासुद्धा मी स्वतः..."

त्या थांबल्या. कोणीच काही म्हटलं नव्हतं. बहुधा त्यामुळेच थांबल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. भाऊ खिडकीबाहेर बघत होता, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"त्या कशासाठी असतात?" त्यांनी मला विचारलं.

दादांनी मान हलवली, नको म्हणून. पण झालं कसं, एवढं सांगणं हेच माझं काम होतं, आणि विचारणाऱ्याला न सांगण्याचा मला अधिकार नव्हता. मी सांगितलं. मऊ करून सांगायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

त्यांनी रडावं असं मला वाटलं, माझ्यासाठी. त्या रडल्या नाहीत. चहावर साय धरली.

"त्या सकाळी मी हसले होते त्यांच्याकडे बघून," त्या म्हणाल्या.

मग मेहुणे एकदम उठले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी सुचल्याची चमक होती. आमच्या ताईला कर्मचारी लिहा, म्हणाले. काय खोटं आहे त्यात? कंपनी निघाल्यापासून डबे हिने केले, पडदे हिने शिवले, धुणी हिने धुतली. आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त काम हिने केलं. कर्मचारी लिहिलं की भरपाई मिळते, घर वाचतं, सगळं वाचतं.

दादाही माझ्याकडे बघायला लागले. मी कबूल करते, की मीसुद्धा पेन उघडलं. कारण ते म्हणत होते त्यात खरोखरच काही खोटं नव्हतं.

"आणि मी कर्मचारी असले, तर वैद्यबुवांचं काय?" वहिनींनी विचारलं.

विमानाला हात लावणारा प्रत्येक कर्मचारी इंजिनिअरच्या हाताखाली धरतात. म्हणजे जबाबदारी त्यांची. लायसन्स जाणार.

"आणि नसले तर?"

"तर लायसन्स राहील. पण बाकी काही राहणार नाही, वहिनी." मी त्यांना वहिनी कधीपासून म्हणायला लागले होते, मलाच कळलं नव्हतं.

दादा म्हणाले, "अगं, विचार कर." इतक्या क्षीण आवाजात, की ती विनंती होती का परवानगी, कोण जाणे.

वहिनींनी माझ्यासमोरचा कागद आपल्याकडे ओढला. आपल्या नावापुढची रिकामी जागा बोटाने दाखवली.

"तिथे गृहिणी लिहा," त्या म्हणाल्या. "तेच आहे ना मी."

मी लिहिलं. त्या एका शब्दाने वैद्यबुवा सुटले आणि कंपनी संपली. वहिनी उठल्या, न प्यायलेले कप गोळा केले, आणि आत जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ नुसताच वाहत होता. आम्हा तिघांपैकी कोणालाही आत जाता आलं नाही.